धुक्याचा नियम

एक नोव्हेंबरला खडेबाजाराची शटरं खाली.
कुणाचा काळा दिवस, कुणाचा सण,
आम्हा दोघांना मात्र हक्काची सुट्टी.
गदिगेप्पा कामकर वडगावातून सायकल ढकलत येतो,
कॅरिअरला गुंडाळलेला नकाशा,
पिशवीत फासे, चष्मा,
आणि बायकोनं वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस.
कापूस म्हणजे धुकं.

सोळाशे बत्तीस. ल्युत्झेन नावाचं गाव.
कुठं आलं म्हणून विचाराल तर जर्मनीत कुठंतरी,
आपल्या हलग्याएवढं असेल.
त्याच्या शिवारात स्वीडनचा राजा आणि बादशहाची फौज
सकाळभर समोरासमोर उभी,
आणि कुणाला कुणी दिसत नाही.

प्लायवूड माझं, हिरवा रंग माझा,
साडेतीनशे शिपाईही माझेच:
उद्यमबागेत रात्रपाळीला, फोरमन चहाला गेला की
जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून ओतलेले.
भाले खराट्याच्या काड्यांचे.
एक नगारजी, साच्यात वाळू ढासळली म्हणून
बिनडोक्याचा निघाला.
टाकला नाही. वाजवायला डोकं कशाला?

नकाशा गदिगेप्पाचा.
चाळीस वर्षं त्यानं आलेखाच्या कागदावर
साड्यांचे काठ काढले, घरं मोजून मोजून;
एक घर चुकलं की अख्खा मोर लंगडा.
म्हणतो, मिस्त्री, रस्ता, ओढा, खंदक,
सगळे काठच की हे.
अंग कुठं आहे साडीचं, ते सांगा.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत.
दोघांचीही भाषा नाही, म्हणून भांडण नाही.
एका शब्दावर तेवढं आठवडाभर अडलो:
पलटण टिकणार की पळणार, ते ठरवणारा आकडा.
मी लिहिलं धीर.
त्यानं त्याच्या लिपीत लिहिलं, वाचून दाखवलं: धैर्य.
मग चहा सांगितला.

धुक्याचा नियम सोपा.
पाच किंवा सहा पडेपर्यंत
दोन घरांपलीकडचं काही दिसायचं नाही.
तो म्हणतो ओंदु. मी म्हणतो तीन.
पुन्हा एरडु.
खालून ढोल गेले. थोड्या वेळानं दुसरे ढोल.
कुठले कुणाचे, कोण जाणे,
खिडकी लावलेली होती.

अकराच्या सुमाराला ऐदु पडला.
कापूस उचलला तर माझे घोडेस्वार
त्याच्या खंदकाला नाक लावून उभे.
आता त्याची पाळी, आणि नियम क्रमांक एकतीस:
गाव जाळल्यास
पवनचक्क्यांजवळच्या तोफांना दोन आकडे जास्त.
बादशहाच्या सेनापतीनं जाळलंच होतं.
मी वाटी पुढं सरकवली,
फाउंड्रीतली जळकी काळी वाळू.

गावाला नियमात सहा घरं, म्हणजे चौकोन.
गदिगेप्पानं काडेपेट्यांची अठरा उभी केली होती,
प्रत्येकाला दार, दाराला निळा रंग.
मूठ भरून घेतली त्यानं. धरून बसला.
आतली माणसं कुठल्या पानावर आहेत?
नाहीत, म्हटलं. माणसं नाहीत.
अठरा घरं आणि माणसं नाहीत?
खेळ आहे गा, टाक की मर्दा!
वाळू वाटीत परत. हात धोतराला पुसला.
तोफा गेल्या त्याच्या, डावी बाजू गेली,
माझा मला राग आला की त्याचा, कळलं नाही.

आणि जिंकलेल्या डावात राजा मेला माझा.
दोन फासे, दोन एक्के.
पुस्तकात लिहिलंय तसाच
रिकामा घोडा मागं फिरला, मीच फिरवला.
कोण जिंकलं?
दोघांनी आपापल्या वहीत आपापलं लिहिलं.

संध्याकाळी चौकातले पोलीस पांगल्यावर
तो कापूस घेऊन गेला, वाती राहिल्या होत्या.
रात्री नऊला फोन.
मिस्त्री, तुमचा नगारजी कापसातनं आला इकडं,
देव्हाऱ्यात उभा केलाय हिनं, समईशेजारी.
कैदी म्हणून लिहू काय?

थांब, म्हटलं, पुस्तक बघून सांगतो.
बघितलं नाही.